एट-डी रिपोर्ट भरला, तरी तक्रार परत येते? या चुका टाळा

तक्रार येते, टीम बसते, रिपोर्ट भरला जातो, फाइल बंद होते आणि काही आठवड्यांत तोच दोष पुन्हा हजर. मग पद्धतीच्या नावाने बोटं मोडली जातात. माझ्या मते दोष बहुतेक वेळा पद्धतीचा नसतो. उत्तर आधीच ठरलेलं असतं आणि रकाने त्याला जुळतील असे भरलेले असतात.

फोर्ड कंपनीने १९८७ मध्ये टीमने मिळून समस्या सोडवण्याची पद्धत पुस्तिकेत मांडली. तीच आज एट-डी म्हणून ओळखली जाते. टीम, समस्येचं वर्णन, तात्पुरता बंदोबस्त, मूळ कारण, कायमच्या उपायाची निवड, अंमलबजावणी, पुन्हा होऊ नये म्हणून तजवीज आणि शेवटी टीमचं कौतुक, अशा तिच्या आठ पायऱ्या. ती कारखान्यातली असली तरी रुग्णालयात किंवा बिलिंग विभागातही तितकीच लागू पडते.

वर्णनातच कारण घुसवणं

सगळ्यात महाग पडणारी चूक हीच. ‘ऑपरेटरच्या दुर्लक्षामुळे चुकीचं लेबल लागतं’ असं लिहिलं की पुढचा तपास तिथेच संपतो. त्याऐवजी फक्त दिसतंय तेवढं लिहा: कोणत्या मालावर, कोणत्या लाइनवर, कधीपासून, शंभरात किती.

त्याच्या शेजारी आणखी एक रकाना करा: हा दोष कुठे येऊ शकला असता, पण येत नाही? समजा, एकाच मशीनवर दोन शिफ्ट चालतात, लेबलं एकाच रोलमधली आहेत आणि दोष फक्त रात्री येतो. मग मशीन आणि रोल यांच्यावरचा संशय बराच कमी होतो आणि रात्री वेगळं काय घडतं, एवढंच शोधायचं उरतं. कदाचित प्रॉडक्ट बदलण्याची वेळच रात्रीची असेल. हा रकाना बहुतेक रिपोर्टांत कोरा असतो, याचं मला खरंच वाईट वाटतं. तासभराच्या चर्चेत जे सापडत नाही, ते इथे सापडतं.

‘का?’ विचारणं माणसापाशी थांबवणं

टोयोटाच्या ताइची ओनो यांनी दिलेलं उदाहरण प्रसिद्ध आहे. मशीन थांबलं, कारण जास्त भार येऊन फ्यूज उडाला. भार वाढला, कारण बेअरिंगला पुरेसं तेल मिळत नव्हतं. तेल मिळत नव्हतं, कारण पंप नीट ओढत नव्हता. त्याचा शाफ्ट झिजला होता. आणि झिजला होता, कारण गाळणी नसल्यामुळे धातूचा कीस आत जात होता. नुसता फ्यूज बदलला असता तर तो पुन्हा उडाला असता.

या साखळीत ‘कोणी?’ हा प्रश्न कुठेच येत नाही. तुमच्या साखळीच्या शेवटी ‘लक्ष दिलं नाही’ आलं, तर आणखी एकदा विचारा: लक्ष नसतानाही काम बरोबर व्हावं, अशी सोय का नव्हती?

सापडलेलं कारण सिद्धही करून पाहा. शक्य आणि सुरक्षित असेल तर कारण मुद्दाम निर्माण करा. दोष दिसला पाहिजे. कारण काढून टाका. दोष गेला पाहिजे. फिशबोनवर (संभाव्य कारणं मांडायच्या, माशाच्या काट्यासारख्या आकृतीवर) गोल केला म्हणजे कारण सिद्ध झालं नाही.

बंदोबस्तालाच उपाय समजणं

शंभर टक्के तपासणी लावली की ग्राहकाकडे दोष जाणं बरंच कमी होतं, आणि सगळे सुटकेचा श्वास सोडतात. पण दोष तयार होणं चालूच असतं. बंदोबस्त सुरू करतानाच तो कधी आणि कशाच्या आधारावर काढायचा, हे लिहून ठेवा.

काम करणाऱ्यालाच न बोलावणं

१९६२ मध्ये जपानमध्ये काओरू इशिकावा यांच्या पुढाकाराने क्वालिटी सर्कल, म्हणजे दर्जा सुधारण्यासाठी एकत्र बसणारे छोटे गट, सुरू झाली, ती प्रत्यक्ष काम करणाऱ्यांना घेऊनच. टीममध्ये फक्त विभागप्रमुख असतील, तर प्रक्रिया कागदावर जशी आहे तशीच चर्चेत येते.

‘पुन्हा प्रशिक्षण दिलं’ यावर रिपोर्ट बंद करणं

प्रशिक्षण वाईट नाही, पण एकट्याने ते टिकत नाही. भाग उलटा बसूच नये असं फिक्श्चर (भाग धरून ठेवणारा साचा) किंवा चुकीचा कोड न स्वीकारणारा स्कॅनर जास्त भरवशाचा.

आणि मूळ कारणाच्या पायरीवर दोन कारणं शोधायची असतात: दोष का झाला, आणि तो आपल्याच तपासणीतून का निसटला? दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर रिपोर्टमध्ये नसेल, तर फाइल अजून उघडीच ठेवा.