टेलिग्राम बॉटवरून कोड चालवताय? या चुका टाळा

मोबाइलवरून पायथनच्या चार ओळी पाठवायच्या, त्या घरच्या किंवा भाड्याच्या सर्व्हरवर चालवायच्या आणि उत्तर चॅटमध्येच वाचायचे, ही सोय टेलिग्रामने २०१५ मध्ये बॉटसाठी (प्रोग्रॅमने चालवल्या जाणाऱ्या खात्यांसाठी) दार उघडल्यापासून कोणालाही थोडक्या श्रमात उभी करता येते. रात्रीचा बॅकअप झाला का, डिस्क भरत आली आहे का, हे प्रवासात पाहता येणे खरोखर मोलाचे आहे. मात्र अशा बॉटमध्ये राहून जाणाऱ्या गंभीर चुकांचे मूळ बहुधा एकच असते: संदेश वाचणारा बॉट आणि संदेशातून आलेला कोड एकाच प्रोसेसमध्ये (चालू प्रोग्रॅममध्ये), एकाच युजरच्या अधिकाराने चालवले जातात.

आलेला मजकूर थेट इव्हॅल किंवा एक्झेक या मजकूर कोड म्हणून चालवणाऱ्या फंक्शनला देणे ही यातली सर्वांत महागात पडणारी चूक. बॉटचे टोकन (त्याचा ताबा देणारी गुप्त किल्ली) त्याच प्रोसेसच्या मेमरीत असल्यामुळे पाठवणाऱ्याला ते एका ओळीत छापून घेता येते. पायथनची अंगभूत (बिल्ट-इन) फंक्शन्स काढून टाकली की धोका टळतो, हा समजही चुकीचा आहे. पायथनमध्ये साध्या रिकाम्या टपलपासून (यादीसारख्या रचनेपासून) त्याच्या क्लासपर्यंत, तिथून मूळ ऑब्जेक्ट क्लासपर्यंत आणि पुढे त्याच्या सगळ्या सबक्लासपर्यंत पोहोचता येते, आणि त्या गर्दीत शेल (सर्व्हरला थेट कमांड देणारा प्रोग्रॅम) चालवण्याची वाट सापडतेच. ‘इम्पोर्ट’सारखे शब्द गाळणारी यादी तर त्याहून कुचकामी, कारण शब्द तुकडे जोडूनही तयार होतो.

म्हणून कोड वेगळ्या कंटेनरमध्येच (बाकी सर्व्हरपासून तोडलेल्या बंदिस्त जागेत) चालवावा. त्यासाठी डॉकर हे कंटेनर चालवणारे साधन वापरत असाल तर नेटवर्क बंद ठेवा, मेमरी आणि प्रोसेसची संख्या यांवर मर्यादा घाला, फाइल सिस्टिम फक्त वाचण्यापुरती ठेवा आणि रूट (सर्वाधिकारी) नसलेला युजर द्या. डॉकरला कमांड देण्याचे सॉकेट कंटेनरच्या आत माउंट करणे (जोडणे) म्हणजे संपूर्ण सर्व्हरचा रूट अधिकार देऊन टाकणे होय. सोयीसाठीसुद्धा ते करू नये.

यानंतरही एक बारीक चूक उरते. बॉटने सुरू केलेल्या सबप्रोसेसला दहा सेकंदांची मुदत दिली की अनंत लूप थांबेल असे वाटते. प्रत्यक्षात मुदत संपल्यावर पायथन फक्त कंटेनर सुरू करणारी ‘डॉकर रन’ ही कमांड बंद पाडतो. कंटेनर डॉकरच्या डीमनकडे (पार्श्वभूमीत सतत चालणाऱ्या प्रोग्रॅमकडे) असल्यामुळे मागे तसाच चालू राहतो आणि काही दिवसांनी सर्व्हर विनाकारण तापू लागतो. ‘डॉकर पीएस’ दिल्यावर असे बेवारस कंटेनर दिसतात. उपाय सोपा आहे: प्रत्येक कंटेनरला नाव द्यावे आणि मुदत संपताच त्या नावाने ‘डॉकर किल’ करावे. आउटपुटवरही मर्यादा हवी, कारण सतत छापत राहणारा लूप मुदत संपण्याआधीच बॉटची मेमरी भरून टाकू शकतो. शिवाय टेलिग्रामचा संदेश ४०९६ अक्षरांपलीकडे जातच नाही.

बॉट कोणाचे ऐकतो, हे युजरनेमवरून ठरवू नये. युजरनेम बदलता येते आणि सोडलेले नाव दुसऱ्याला घेता येते. संख्येतला आयडी मात्र कायम राहतो. ग्रुपमध्ये चॅटचा नव्हे, पाठवणाऱ्याचा आयडी तपासावा.

आता नेहमीच्या तक्रारींकडे वळू. बॉट बंद पडतो, पुन्हा सुरू केला की लगेच पुन्हा बंद पडतो, असे होत असेल तर दोष बहुधा पोचपावतीचा असतो. एखादा अपडेट (नवा संदेश) मिळाला, हे टेलिग्रामला पुढच्या मागणीतल्या ऑफसेटवरूनच (पुढे कुठल्या क्रमांकापासून अपडेट हवेत, त्या आकड्यावरूनच) कळते. त्याआधीच कोडने बॉटला पाडले, तर तोच संदेश पुन्हा हजर होतो. न उचललेले संदेश २४ तासांपर्यंत राखून ठेवले जात असल्यामुळे, दुपारी दिलेली आणि तुम्ही विसरलेली कमांड रात्री चालू शकते. त्यामुळे आधी ऑफसेट पुढे न्यावा, मग कोड चालवावा आणि जुन्या वेळेचे संदेश सरळ टाकून द्यावेत. ४०९ हा एरर दिसला तर त्याच टोकनवर दुसरी प्रत चालू आहे किंवा वेबहुक (संदेश थेट एखाद्या वेब पत्त्यावर पाठवण्याची सोय) काढायचा राहिला आहे, असे समजावे.

टोकन चुकून गिटमध्ये (कोडच्या बदलांचा इतिहास ठेवणाऱ्या साधनात) गेले, तर पुढच्या कमिटमध्ये (नोंदीत) ते पुसून उपयोग नाही, कारण इतिहासात ते राहतेच. बॉटफादरकडे (बॉट तयार करणाऱ्या व सांभाळणाऱ्या टेलिग्रामच्या अधिकृत बॉटकडे) जाऊन ते तत्काळ रद्द करावे.

लॅपटॉपवर चालणारा कोड आयफोनवरून पाठवल्यावर सिंटॅक्स एरर येत असेल, तर अवतरणचिन्हे पाहा. ‘स्मार्ट पंक्चुएशन’ सरळ चिन्हांची वळणदार चिन्हे करते आणि ती पायथनला कळत नाहीत. कीबोर्डच्या सेटिंगमध्ये ती सुविधा बंद करावी, किंवा कोड फाइल म्हणून पाठवावा. २० एमबीपर्यंतची फाइल बॉटला उतरवून घेता येते आणि ओळींचे इंडेंटेशनही जसेच्या तसे राहते.