लाईट लागत नाही म्हणून एनपीएस (नॉन-फोटोसिंथेटिक, म्हणजे उजेडावर न जगणारं) कोरल घेताय? थांबा जरा

सॉल्टवॉटर टँक दीड-दोन वर्षं चालवलाय, नायट्रोजन सायकल, आरओ-डीआय (गाळून शुद्ध केलेलं पाणी), सॅलिनिटी (खारेपणा) सगळं जमतं, असं धरून लिहितोय. तेवढं नसेल तर आधी क्लाउनफिश जगवा, मग इकडे या.

मी जर्सीत असतो, बेसमेंटमध्ये ४० गॅलनचा टँक आहे. तीन वर्षांपूर्वी दुकानात कार्नेशन कोरल बघितलं, म्हणजे डेंड्रोनेफ्थिया. गुलाबी-केशरी, अंग काचेसारखं आणि आत पांढऱ्या सुया दिसतात. दुकानदार म्हणाला, याला लाईट नको, एकदम सोपं. लाईट नको हे खरंच आहे, याच्या अंगात झूझँथेली, म्हणजे कोरलच्या आत राहणारी बारीक शैवालं, नसतात. पण बाकीच्या कोरलांना बरंचसं जेवण तीच शैवालं उन्हावर करून घालतात ना! इथे स्वयंपाकी तुम्ही, आणि तेही चोवीस तास. हे काउंटरवर कोणी सांगत नाही.

मी काय करायचो, रोज रात्री पंप बंद करून पिपेटने बेबी ब्राईन श्रिंप (कोळंबीसारखी बारीक पिल्लं) सोडायचो. पॉलिप (कोरलची छोटी छोटी तोंडं) उघडे, त्यांना श्रिंप चिकटलेले, मी खूश. आई तेव्हा इथे आली होती, ती काचेला नाक लावून म्हणाली, "अरे, हे गिळत का नाही? मघापासून तसंच आहे." मी म्हटलं, आई, तुला त्यातलं नाही कळायचं. तिलाच कळलं होतं. अर्ध्या तासाने पंप सुरू केला की सगळे श्रिंप सुटून ओव्हरफ्लोत, म्हणजे पाणी बाहेर जायच्या वाटेत, जायचे.

तर मुद्दा हाच, आणि मी तो दोनदा-तीनदा सांगणार: उघडलेलं असणं, फुगलेलं असणं आणि खाणं या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. हे कोरल पाणी भरून फुगतं. उपाशी असलं तरी फुगतं. रोज सकाळी फुगलेलं बघून तुम्हाला वाटतं मस्त चाललंय, आणि ते रोज थोडं थोडं कमी फुगत असतं, जे रोज बघणाऱ्याला दिसतच नाही. माझं सात आठवडे असं गेलं. शेवटी फांद्या आखडून त्या आतल्या सुया काट्यांसारख्या बाहेर आल्या तेव्हा डोळे उघडले, आणि तोपर्यंत उशीर झाला होता. म्हणून मागच्या काचेवर टेपची खूण करा, दर रविवारी ते पूर्ण फुगलेलं असताना त्याच जागेवरून फोटो काढा आणि महिन्याभराचे चार फोटो शेजारी ठेवून बघा. डोळ्यांवर विश्वास ठेवू नका. फुगलंय म्हणजे खातंय, असं नाही!

१९९५ मध्ये रेड सीमधल्या डेंड्रोनेफ्थियावर अभ्यास झाला, त्यात दिसलं की हे मुख्यतः फायटोप्लँक्टनवर, म्हणजे पाण्यात तरंगणाऱ्या सूक्ष्म शैवालांवर, जगतं. म्हणजे काही मायक्रॉनचे कण, आणि मी घालत होतो अर्ध्या मिलिमीटरचं श्रिंप. शिवाय समुद्रात प्रवाह थांबत नाही, अन्न सतत अंगावरून वाहत असतं, आणि मी तर जेवणाच्या वेळीच पंप बंद करायचो. आता डोसिंग पंपाने दर तासाला थोडं थोडं जिवंत फायटो जातं, बाटली छोट्या फ्रीजमध्ये. बाटलीबंद 'कोरल फूड' पावडरीबद्दल माझं मत विचारू नका, अर्धी पावडर वाळूतच सडते.

एवढं खायला घातलं की पाणी बिघडणारच. माझा नायट्रेट ५ वरून ६० वर गेला. ग्रुपवरचे एक काका सांगतात, स्किमर (फेसातून घाण ओढून काढणारं यंत्र, पण अन्नही ओढतं) काढूनच टाका. काकांचं ऐकून मी काढला, आठवड्यात काचेवर तपकिरी थर. आता टायमरवर अर्धा दिवस चालू ठेवतो, आणि आठवड्याला २० टक्के पाणी बदल, कंटाळा आला तरी.

एवढं वाचून घाबरला असाल तर चिली कोरल घ्या, खरंच जमेल. लाल बोटांसारखं असतं, आठ झालरींचे पांढरे पॉलिप, बहुतेक रात्री उघडतात. गुहेच्या छताला उलटं टांगा, उजेडात ठेवलंत तर अंगावर शेवाळ चढतं. हे रॉटिफर, सायक्लॉप्स असलं बारीक खातं. दोन-तीन दिवस मिटून बसलं तर लगेच मेलं समजू नका, माझं तर एकदा पाच दिवस बसलं होतं.

पुण्याचा मावसभाऊ विचारत होता, मालवणला डायव्हिंग करताना दिसतात ते सी फॅन आणू का. अजिबात नको रे बाबा! भारतात सगळे गोरगोनियन (सी फॅन त्यातलेच) वन्यजीव कायद्याखाली संरक्षित आहेत, तुकडा उचलणं हाही गुन्हाच.

आणि हो, डोसिंगची नळी. आत फायटोचा हिरवा चिकट थर बसतो आणि सडतो, वास आला की समजा तोच सडका रस टँकात जातोय. माझी नळी दर रविवारी फोटोनंतर गरम पाण्यात पडते. बायकोने त्यासाठी वेगळं पातेलं दिलंय, वर मार्करने "कोरल" लिहून.