पगार वाढवणं जमत नसेल, तर आधी सुगीची सुट्टी ठरवा

बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत सीएनसी (संगणकावर चालणारं मशीन) चालवणारं चांगलं पोरगं हजार रुपयांसाठी शेजारच्या शेडमध्ये जातं, ही आपली कायमची रड. माझ्याकडची दोघं मात्र पैशासाठी गेली नाहीत. खानापूरकडं भात कापणीला आलेलं, मी सुट्टी नाकारली. गेली ती परत आलीच नाहीत. चूक माझीच. तेव्हापासून गणपती झाले की भिंतीवरच्या कॅलेंडरवर प्रत्येकाला सुगीचे चार दिवस पेनानं लिहायला लावतो. एका मशीनवरचे दोघं एकदम जायचे नाहीत, एवढीच अट. त्यातले दोन दिवस भरपगारी. ऐनवेळी मशीन बंद ठेवण्यापेक्षा हे कितीतरी स्वस्त पडतं.

दुसरं, विमा. प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजनेचा हप्ता वर्षाला २० रुपये, जीवन ज्योतीचा ४३६. अपघाती मृत्यूला पहिल्यातून २ लाख, कोणत्याही कारणानं मृत्यू आला तर दुसऱ्यातून २ लाख. हप्ता कामगाराच्या बँक खात्यातून कापला जातो, म्हणून मे महिन्यात ४५६ रुपये पगारासोबत जादा द्या आणि पगारपावतीवर वेगळे दाखवा. योजना केंद्राची, त्यामुळं महाराष्ट्रातल्या चंदगडहून येणाऱ्यांनाही चालते. जीवन ज्योतीत नाव १८ ते ५० वयातच घालता येतं, तेवढं बघा.

दहा माणसं झाली की ईएसआय, म्हणजे कामगार राज्य विमा, आहेच. २१ हजारांपर्यंत पगार असेल तर मालकाचा वाटा ३.२५ टक्के, आणि बायकापोरांचे उपचारही त्यात येतात. हे घरच्यांना ठाऊक हवं. कार्डाची झेरॉक्स घरी पाठवा.