एडनच्या आखातात शिडाची बोट नेण्याआधी

मालवाहू जहाजांवर नोकरी केली, त्यामुळे शिडाची बोट घेतलेले मित्र हमखास विचारतात, "एडनच्या आखातातून लाल समुद्रात जाऊ का?" माझं पहिलं उत्तर एकच: जाऊ नका, तिथे सोमाली चाच्यांचा धोका आहे. केप ऑफ गुड होपला वळसा घाला, नाहीतर बोट जहाजावर लादून पाठवा.

हिशोब साधा आहे. तुमची बोट पाच-सहा नॉट (म्हणजे ताशी तेवढे सागरी मैल), चाच्यांची होडी वीसच्या वर. आणि तुमचा कठडा पाण्यापासून जेमतेम मीटरभर. शिडीसुद्धा लागत नाही. ऑक्टोबर २००९ मध्ये सेशेल्सहून निघालेल्या 'लिन रायव्हल'वरचं ब्रिटिश जोडपं ३८८ दिवस सोमालियात ओलीस होतं.

तरीही जायचंच, तर निघण्यापूर्वी यूकेएमटीओकडे (जहाजांच्या सुरक्षेवर लक्ष ठेवणारं ब्रिटिश नौदलाचं केंद्र) नोंद करा, रोजची जागा सॅटेलाइट फोनवरून कळवा. व्हीएचएफवर (बोटीवरचा रेडिओ) आपला मार्ग बडबडू नका, सगळं जग ऐकतं. होडी दिसली की लगेच घाबरू नका. येमेनचे कोळीसुद्धा बंदूक बाळगतात आणि जाळं वाचवायला जवळ येतात. ती थेट अंगावर येऊ लागली तर मात्र रेडिओवरचं डीएससीचं लाल बटण (संकटाचा इशारा आपोआप पाठवणारं), मग चॅनल १६ या आणीबाणीच्या चॅनलवर हाक, यूकेएमटीओला फोन. चाचे बोटीवर चढलेच, तर हात वर. बोटीवर बंदूक ठेवण्याचा विचार डोक्यातून काढा.