जुनी मोटरसायकल थेट मालकाकडून घेताना भाव कसा ठरवावा, पैसे कधी द्यावेत

मालकाला पहिला फोन कराल तेव्हा भाव काढू नका. न बघितलेल्या गाडीवर घासाघीस केली की समोरचा सावध होतो आणि प्रत्यक्ष भेटीत एक रुपया सोडत नाही. फोनवर आधी गाडीचा नंबर मागा. ठाण्याची एमएच ०४ असो की वाशीची एमएच ४३, एमपरिवहन अ‍ॅपवर नंबर टाकला की नोंदणीची तारीख, विमा आणि पीयूसीची (प्रदूषण तपासणीच्या दाखल्याची) मुदत दिसते. चेसिस नंबरचे (गाडीच्या सांगाड्यावर कोरलेल्या नंबरचे) शेवटचे चार आकडेही घ्या, म्हणजे वाहतूक पोलिसांच्या संकेतस्थळावर थकलेली ई-चलान बघता येतात. जो मालक नंबर द्यायलाच कांकूं करतो, त्याच्याकडे जाण्यात वेळ घालवू नका.

मग आरसी म्हणजे नोंदणीच्या प्रमाणपत्राबद्दल विचारा, "आरसीवर नाव तुमचंच ना?" "भावाचं आहे, तो दुबईला असतो" असं उत्तर आलं तर भाऊ परत येईपर्यंत थांबा. वडिलांची गाडी असेल आणि वडील वारले असतील, तर वारसाने फॉर्म ३१ भरून आधी ती स्वतःच्या नावावर करून घ्यायला हवी. त्यानंतरच व्यवहाराचं बोला.

बघायला सकाळी जा, आणि "गाडी आधी सुरू करून ठेवू नका" एवढं सांगून ठेवा. पोहोचल्यावर पहिल्यांदा इंजिनावर हात ठेवा. गार असेल तरच थंड गाडी किती किकमध्ये सुरू होते आणि धूर कोणत्या रंगाचा येतो ते खरं कळतं. निळसर धूर म्हणजे ऑइल जळतंय. खाडीलगतच्या सोसायट्यांत उघड्यावर उभ्या राहणाऱ्या गाड्यांचा सायलेन्सर आणि टाकीची खालची बाजू गंजलेली असते, तिथे वाकून बघा. मीटरच्या काचेआड गाळाची रेघ दिसली तर गाडी पावसात पाण्यात उभी होती असं धरा. चालवून बघायला सपाट रस्ता घेऊ नका. ठाण्यात येऊरचा चढ आहे, बेलापुरात पारसिक हिल आहे. क्लच घसरत असेल तर तो चढावरच बोलतो. विमा संपलेला असेल तर मात्र मालकालाच चालवायला सांगून मागे बसा.

आता भाव. माझ्या मते भाव जिभेवर करायचा नसतो, कागदावर करायचा असतो. एक उदाहरण घेऊ. १२५ सीसीची २०१९ ची गाडी, मागणी ५५ हजार. तशाच वर्षाच्या, तेवढ्याच रनिंगच्या पाच-सहा गाड्यांच्या जाहिराती बघून ठेवल्या आणि बहुतेक ५२ च्या आसपास दिसल्या. मागचा टायर गुळगुळीत, १,८००. चेन-स्प्रॉकेटचा सेट, १,६००. पुढच्या फोर्कचे सील गळताहेत, ९००. विमा संपलेला, ७५ ते १५० सीसीसाठी थर्ड पार्टी विम्याचा २०२२ मध्ये ठरलेला वार्षिक दर ७१४ रुपये आहे, कर धरून साधारण ८५०. थकलेली चलान १,५००. बेरीज ६,६५०. ५२ मधून वजा केले की ४५,३५० उरतात. टायर-चेनचे आकडे मी धरलेले आहेत. तुम्ही तुमच्या मेकॅनिकला विचारून घाला. जमलं तर त्याला सोबतच न्या, दोन-तीनशे रुपये गेले तरी चालतील.

या हिशेबात थोडं मागेपुढे धरून तुमची वरची मर्यादा ४६-४७ हजार येते. ती घरीच लिहून ठेवा आणि तिथे गेल्यावर बदलू नका.

बोलताना गाडीला नावं ठेवू नका. मालकाने ती वर्षानुवर्षं पुसलेली असते, तिच्यावरून मुलाला शाळेत सोडलेलं असतं. "काका, गाडी तुम्ही छान ठेवली आहे. फक्त घेतल्या घेतल्या मला एवढा खर्च आहे," म्हणत कागद पुढे करा आणि ४४ सांगा. "नाही रे बाळा, पन्नासच्या खाली नाही परवडत," असं उत्तर येईल. तेव्हा घाईने आकडा वाढवू नका. थोडं गप्प बसा, पाणी प्या. पुढचा आकडा बहुतेक वेळा मालकाकडूनच येतो. तिथून पाचशे-पाचशेने सरका. भाव अडला तर दुसरं काही मागा: दोन्ही चाव्या, पीयूसी, सर्व्हिसची बिलं. चलानचे पैसे मात्र भावातून वळते करून घेण्यापेक्षा मालकालाच भरायला सांगा आणि तेवढे हिशेबातून काढा. थकबाकीवर नाव बदलायचं काम अडू शकतं.

पैसे कोणत्या क्रमाने द्यायचे

या भागाकडे लोक सर्वात कमी लक्ष देतात, आणि मला सर्वात जास्त काळजी याचीच वाटते. मी स्वतः एकदा गाडी विकली तेव्हा पूर्ण रोख घेतली, कोऱ्या फॉर्मवर सह्या करून दिल्या आणि विसरून गेलो. घेणाऱ्याने गाडी नावावर केलीच नाही. दीड वर्ष भिवंडीतली चलान माझ्या मोबाइलवर येत राहिली, आणि प्रत्येक मेसेजला मला अपघाताची धास्ती वाटायची. ती धास्ती खोटी नव्हती. नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये स्पष्ट केलं, की गाडी पुढे विकली असली तरी अपघाताच्या भरपाईसाठी मालक तोच, ज्याचं नाव नोंदणीत आहे.

म्हणून मालकाला हे समजावून सांगा, की काही रक्कम मागे ठेवण्यात त्याचाही फायदा आहे. काम अर्धवट राहणार नाही याची ती दोघांनाही हमी असते.

भाव ४६ हजारांवर ठरला असं धरा. त्या दिवशी टोकन फक्त एक-दोन हजार द्या आणि व्हॉट्सअ‍ॅपवर लिहून घ्या: गाडीचा नंबर, ठरलेला भाव, मिळालेलं टोकन, कधीपर्यंत व्यवहार, मोडला तर टोकन परत की नाही. गाडी न बघता टोकन कधीच नाही. "लष्करात आहे, बदली झाली, गाडी पार्सलने पाठवतो" हा फसवणुकीचा ठरलेला प्रकार आहे.

आरसीवर कर्जाचा बोजा असेल तर उरलेलं कर्ज तुम्ही थेट त्या कर्जखात्यात भरा, मालकाच्या हातात देऊ नका. बँकेची एनओसी (ना हरकत पत्र) आणि आरसीवरचा बोजा काढायचा फॉर्म ३५ हातात आल्यावर पुढचे पैसे.

गाडी ताब्यात घ्यायच्या दिवशी मूळ आरसी, भरून सह्या केलेले फॉर्म २९ आणि ३० (गाडी विकल्याची सूचना आणि नाव बदलायचा अर्ज), मालकाच्या आधार-पॅनच्या प्रती घ्या. चेसिस नंबर आरसीशी स्वतः ताडून बघा. मग ४० हजारांच्या आसपास द्या, तेही मालकाच्याच खात्यात. आधी एक रुपया पाठवा आणि दिसणारं नाव आरसीवरच्या नावाशी जुळवा. नवीन खातं जोडल्यावर बऱ्याच बँका पहिल्या दिवशी मोठी रक्कम जाऊ देत नाहीत, म्हणून ते आदल्या दिवशी जोडून ठेवा. मालकाला बँकेचा मेसेज येईपर्यंत तिथेच थांबा, नुसता स्क्रीनशॉट दाखवून निघू नका. ताबा घेतल्याची तारीख आणि वेळ कागदावर लिहून दोघांनी सह्या करा. आदल्या रात्रीचं चलान कोणाचं, हा वाद त्या एका ओळीने मिटतो.

उरलेले तीन-चार हजार गाडी नावावर झाल्यावर. कायद्याने विक्रेत्याने १४ दिवसांत आणि घेणाऱ्याने ३० दिवसांत आरटीओला कळवायचं असतं, पण तुम्ही त्याच आठवड्यात अर्ज करा. ऑनलाइन अर्जात मालकाच्या मोबाइलवर ओटीपी येऊ शकतो, म्हणून आरसीला जोडलेला नंबर चालू आहे का हे ताब्याच्या दिवशीच विचारून घ्या. विमा चालू असेल तर तोही १४ दिवसांत नावावर करायला टाका. जुन्या मालकाचा नो क्लेम बोनस (भरपाई न मागितल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट) तुम्हाला मिळत नाही, त्यामुळे हप्ता थोडा वाढेल.

अ‍ॅपवर आरसीला तुमचं नाव दिसलं की त्याच संध्याकाळी उरलेले पैसे पाठवा, आणि सोबत त्या पानाचा फोटो काकांनाही पाठवा.