एसपीआयच्या इंटरफेसला हात लावण्याआधी

एसपीआय म्हणजे चिपशी बोलायची तारांची बस. लिनक्समधल्या तिच्या कोडसाठी पॅच लिहायला बसण्याआधी एक गोष्ट ठरवून टाका: बदल कर्नलच्या आतल्या आत राहणार आहे की युजरस्पेसला, म्हणजे कर्नलबाहेरच्या साध्या प्रोग्रॅमना, दिसणाऱ्या हेडरपर्यंत जाणार आहे? आतलाच असेल तर लिनक्स जुनं जपत बसत नाही. आर्ग्युमेंट्स बदला, फक्त सोर्समधले सगळे ड्रायव्हर बदलायची जबाबदारीही तुमचीच. ड्रायव्हर शेकड्यांनी असतील तर आय-टू-सी या दुसऱ्या बसवाल्यांचा मार्ग धरा. त्यांनी 2016 मध्ये जुन्या प्रोबशेजारी (डिव्हाइस सापडल्यावर ड्रायव्हरचं जे फंक्शन बोलावलं जातं ते) प्रोब_न्यू ठेवलं, सवडीने एकेक ड्रायव्हर तिकडे नेला आणि 2023 मध्ये तीच आर्ग्युमेंट्स मूळ प्रोबला दिली.

युजरस्पेसचं मात्र वेगळं. तिथे आधी कागदावर स्ट्रक्चरचे बाइट मोजा, किंवा सरळ ही मांडणी दाखवणारं पाहोल हे टूल चालवा. स्पायडेव्ह या प्रोग्रॅमना एसपीआय वापरू देणाऱ्या ड्रायव्हरमधल्या एका ट्रान्सफरचं स्ट्रक्चर 32 बाइटचं आहे. पॉइंटरसुद्धा 64 बिटांच्या आकड्यात ठेवलेत, म्हणून 32-बिट प्रोग्रॅम 64-बिट कर्नलवर तसाच चालतो. हा आकार वाढवायचा नाही, म्हणजे नाहीच. आयओसीटीएल म्हणजे प्रोग्रॅमने ड्रायव्हरला कमांड द्यायचा कॉल; त्याच्या नंबरात सगळ्या ट्रान्सफरचा मिळून आकार कोरलेला असतो आणि कर्नल त्याला स्ट्रक्चरच्या आकाराने निःशेष भाग जातो का, एवढंच बघतो. समजा स्ट्रक्चर 40 बाइटचं केलंत. जुन्या प्रोग्रॅमच्या एका ट्रान्सफरला एरर येईल, ते परवडलं. पण पाच पाठवले तर होतात 160 बाइट, आणि कर्नल ते बिनतक्रार चार नवे ट्रान्सफर म्हणून वाचेल!

मग जागा कुठून आणायची? स्ट्रक्चरच्या शेवटी राखून ठेवलेल्या रिकाम्या बाइटांतून, म्हणजे पॅडमधून. दोन आणि चार तारांच्या ट्रान्सफरसाठीची टीएक्स_एनबिट्स, आरएक्स_एनबिट्स ही फील्डं तिथेच बसवली, आणि शून्य म्हणजे नेहमीची एक तार, असा अर्थ ठेवला. तुमच्याही फील्डात शून्याचा अर्थ जुनीच वागणूक हवा. पण पॅड खरंच मोकळं आहे का, ते तपासा. हेडरमध्ये ‘न वापरलेली फील्डंही शून्य करा’ असं लिहिलेलं असूनही कित्येकांनी मेमसेट करून स्ट्रक्चर शून्य केलंच नव्हतं. नवी फील्डं आल्यावर स्टॅकवरचा कचरा तिथे वाचला गेला आणि काल चालणारे प्रोग्रॅम ‘इनव्हॅलिड आर्ग्युमेंट’ म्हणू लागले. नुसत्या सूचनेवर विसंबू नये, असं माझं ठाम मत आहे. नवं स्ट्रक्चर आखत असाल तर पहिल्याच दिवसापासून पॅडमध्ये शून्याखेरीज काही दिसलं की ईइनव्हॅल (हीच ‘इनव्हॅलिड आर्ग्युमेंट’ एरर) द्या.

पॅडमध्ये मावत नसेल तर नवा कमांड घ्या. बस कशी चालवायची ते सांगणाऱ्या मोडचे 8 बिट पुरेनात तेव्हा मोड32 वेगळा आला, 8-बिटवाला होता तिथेच राहिला. जुन्या कर्नलवर नवा कमांड गेला तर ईनॉटटी, म्हणजे ‘हा कमांड ओळखीचा नाही’ अशी एरर, परत येतं. तुमच्या लायब्ररीने ते ओळखून जुन्या वाटेला लागायला हवं.

चाचणीसाठी जुन्या हेडरवर बांधलेली बायनरी जपून ठेवा. ती पुन्हा कंपाइल करू नका, नाहीतर नवं हेडर उचलेल आणि चाचणी कशाचीच होणार नाही. जुन्याच हेडरवर बांधलेली एक 32-बिट बायनरीही चालवून बघा.