घोळणा फुटल्यावर होणाऱ्या या चुका टाळा

मे महिन्यात नागपुरात पारा ४५च्या वर गेला की घरोघरी कुणाचा ना कुणाचा घोळणा फुटतो, पोट्ट्यांचा तर हमखास. आणि पहिली आज्ञा ठरलेली: "डोकं मागे कर!" नेमकी हीच सगळ्यात मोठी चूक. त्याने रक्त थांबत नाही, घशात उतरतं. ते पोटात गेलं की मळमळतं, उलटी होते. लहान लेकराला ठसका लागू शकतो.

नाकाच्या आत पातळ, ओलसर अस्तर असतं, श्लेष्मल त्वचा. आत येणारी कोरडी हवा दमट करणं, धूळ चिकट शेंबडात अडकवून घशाकडे लोटणं, हे तिचं काम. दोन नाकपुड्यांमधल्या पडद्याच्या पुढच्या भागात, म्हणजे बोट सहज पोचतं तिथेच, अनेक बारीक रक्तवाहिन्या एकत्र येतात. डॉक्टर त्या जागेला 'लिटल्स एरिया' म्हणतात. बहुतेक घोळणे तिथलेच. लूने अस्तर सुकतं, खपली धरते, ती कुणी नखाने काढली की रक्त सुरू.

मग काय करायचं? माणसाला बसवा, मान किंचित पुढे. अंगठा आणि तर्जनीने हाडाखालचा मऊ भाग दोन्ही बाजूंनी घट्ट दाबा. वरचं हाड दाबून उपयोग नाही. श्वास तोंडाने, तोंडात आलेलं रक्त थुंकायचं. घड्याळात पाहून सलग १० मिनिटं. मधेच "थांबलं का?" म्हणून बोटं सोडली की जमत आलेली गुठळी सुटते, हे फार जण करतात. कांदा हुंगवण्यात आणि डोक्यावर पाणी ओतण्यात दाबायचा वेळ जातो. रक्त थांबल्यावर त्या दिवशी नाक जोरात शिंकरू नका.

कूलरला उगाच दोष देऊ नका. तो हवेत ओलावा भरतो. हवा कोरडी करतो तो एसी. एसीत झोपत असाल तर सलाईनचे थेंब आणि नाकपुडीच्या तोंडाशी पेट्रोलियम जेलीचा पातळ हात पुरतो. पोट्ट्यांची नखं कापलेली असू द्या.

ॲलर्जीचा स्टिरॉइड स्प्रे वापरणाऱ्यांची एक चूक सहसा कुणाच्या लक्षात येत नाही. उजव्या हाताने उजव्या नाकपुडीत मारला की फवारा मधल्या पडद्यावर बसतो आणि रोज तीच जागा दुखावते. डाव्या नाकपुडीसाठी उजवा हात, उजवीसाठी डावा, आणि टोक त्या-त्या बाजूच्या कानाकडे.

नीट दाबूनही २० मिनिटांत रक्त थांबलं नाही, डोक्याला मार लागला असेल किंवा चक्कर येत असेल, तर थेट दवाखाना गाठा. रक्त पातळ करणारी गोळी सुरू असेल तर डॉक्टरांना आधी तेच सांगा. मनाने ती बंद करू नका.